पांढऱ्यावर काळं

सकाळी साडेआठला बाई दारात उभ्या होत्या.
बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग.
काल नऊ तास गाडी हाकत उतरल्या होत्या लान्सिंगला,
पर्यावरण खात्याच्या या वाचनखोलीसाठी.
नोंदवहीत नाव लिहिताना म्हणाल्या,
"हेल्मी रुओनावारा. इंग्रजीत आडनावाची दहा अक्षरं.
एकही गाळू नका, सगळे गाळतात."

खोकं आणून ठेवलं. तीनशे बारा पानं:
सुपीरियर सरोवराकाठचा तांब्याचा कारखाना,
कारखान्याचा गाळ, गाळाखालचं पाणी,
आणि त्या पाण्यावर जगलेल्या एकोणीस विहिरी.

खोकं मीच तयार केलेलं.
लिहिण्याला म्हणतात पांढऱ्यावर काळं करणं,
माझं काम त्याच्यानंतरचं, काळ्यावर काळं.
पूर्वी शाई असायची, बोटं बरबटायची,
जेवताना बायकोला दिसायची.
आता पडद्यावर चौकोन ओढायचा नि सोडायचा,
समासात कलमाचा आकडा.
बोटं स्वच्छ राहतात.

एकसष्टाव्या पानावर रसायनाचं नाव नाही.
व्यापारी गुपित.
"आम्ही ते प्यायलो," बाई म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता. पान उलटलं.

अठ्ठ्याऐंशीव्यावर थांबल्या.
निळ्या शाईतलं पत्र, साल चौऱ्याऐंशी,
खाली सहीच्या जागी पट्टी.
"अक्षर माझं आहे."
"हो."
"मग माझं नाव कुणापासून लपवलंत?"
अर्जासोबत ओळखीचा पुरावा जोडला असता तर, मी सुरुवात केली,
आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

त्या हसल्या, मग खोकल्या, बराच वेळ.
"इथे दोन सह्या हव्या होत्या. आर्विडनं केली नाही.
कारखान्यात होता, पोरं लहान,
म्हणाला, घराचे हप्ते कोण फेडणार?
मी त्याला भेकड म्हटलं.
एकदा नाही. तो जाईपर्यंत, अधूनमधून,
जेवताना मीठ मागावं तसं."

पान एकशे चाळीस.
निरीक्षकाचा अहवाल, टाइप केलेला,
पत्रानंतर तेरा दिवसांनी:
*रात्रपाळीतील कामगार ████████████████ यांनी
मागच्या नाल्याची झडप स्वतः उघडून दाखवली.*

टाइपरायटर भेदभाव करत नाही,
बारक्या अक्षराला जेवढी जागा तेवढीच रुंदाला.
बाईंनी पेन्सिल वरच्या ओळीवर धरली
आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
अक्षरं मोजली. सोळा.
पुन्हा मोजली.
मग अगदी हळू, हिशेब पडताळावा तसं,
"पाच. एक मोकळी. दहा."

खबर देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही.
तो मेला तरी नाही. तो मेल्यावर तीस वर्षांनीही नाही.
हा एक नियम मला मनापासून पटतो.
उद्या कुणी मध्यरात्री फोन उचलेल
तो याच काळ्या पट्टीच्या भरवशावर.
बाकीच्या कलमांसाठी मी भांडणार नाही,
याच्यासाठी भांडेन.
त्या सकाळीही पटत होता. तेच तर.

"तुम्हाला नाव माहीत आहे?"
"मला सांगता येणार नाही."
"सांगा कुठे म्हटलं. माहीत आहे का, एवढंच."
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
बाईंनी मला घड्याळाकडे बघताना बघितलं.

उरलेली पानं त्यांनी उघडली नाहीत.
"या एका पानाची प्रत द्या."
पंचवीस सेंट. नाणी मोजून टेबलावर ठेवली.
यंत्रातून पान गरम बाहेर आलं,
पट्टी जराशी तकतकीत.
घडी घातली नाही, पिशवीत टाकलं नाही,
दोन्ही हातांनी आडवं धरून
दारापर्यंत गेल्या, जपून,
अजून ओलं असल्यासारखं.

नोंदवहीत जाण्याची वेळ लिहायची राहिली.
ती मी भरली. दहा चाळीस.